विटेच्या भिंतीला सागवानी तुळई काँक्रीट स्क्रूनं धरेल का?

परसदार_कराड

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या आमच्या घराच्या मागच्या परसात धुण्याचा दगड आणि चूल आहे. पावसाळ्यात आई तिथं डोक्यावर पोतं घेऊन भांडी घासते. ते बघवत नाही, म्हणून यंदा मृगाच्या आत तिथं पत्र्याची पाखी काढायची आहे. लांबी १० फूट, भिंतीपासून पुढं ५ फूट. पुढच्या बाजूला दोन लोखंडी खांब असतील आणि मागची बाजू घराच्या भिंतीवर.

आजोळचा जुना वाडा उतरवला तेव्हाचं थोडं सागवान जपून ठेवलंय. त्यातली ३ इंच उंच, २ इंच जाड तुळई भिंतीला आडवी बसवायची, वरचे वासे तिच्यावर टेकवायचे, असा विचार आहे. भिंत ९ इंची, लाल भाजक्या विटेची. बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. घर १९८० च्या आसपासचं.

आता मतं तीन आहेत. गवंडी म्हणतात भिंतीत खिसे फोडू आणि वासेच आत घालू. फॅब्रिकेटर म्हणतो लाकूड सोडा, लोखंडी चॅनेल घ्या आणि १२ मिलिमीटरचे अँकर ठोका. भाच्यानं ऑनलाइन निळे काँक्रीट स्क्रू मागवलेत, पाव इंची, ३ इंच लांब. त्यानं दाखवलेल्या व्हिडिओत माणूस भोक पाडतो, स्क्रू फिरवतो, काम झालं. भोकात ठोकायची गिट्टी नाही, सिमेंट नाही.

मला लाकूडच हवं आहे. ड्रिल मी स्वतः चालवते, घरातल्या सगळ्या फळ्या मीच लावल्यात, त्यामुळे काम समजलं तर करेन. एवढंच सांगा: हे स्क्रू चालतील का, किती लागतील, आणि भोक विटेत पाडायचं की दोन विटांमधल्या सांध्यात?

---

रंधा

ताई, काँक्रीट स्क्रू चालतील, पण हे नाहीत. ३ इंची स्क्रू परत पाठवा.

हिशेब बघा. ३ इंच म्हणजे ७५ मिलिमीटर. तुमच्या तुळईची जाडी ५०. उरले २५. बाहेरचा गिलावा आपल्याकडं सहसा २० मिलिमीटरचा असतो, जुन्या घरात भिंत ओळंब्यात आणण्यासाठी कुठं कुठं ३० पर्यंत जातो. म्हणजे विटेत शिरतात जेमतेम ५ मिलिमीटर, आणि गिलावा जाड निघाला तर तेवढेही नाहीत. सगळी तुळई गिलाव्यावर लटकणार. ही चूक मी एवढ्या ठिकाणी पाहिली आहे की आता कोणाचं काम बघायला गेलो की आधी स्क्रूची लांबी विचारतो. व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. तिथं भिंत उघड्या विटेची, लाकडामागं थेट वीट. आपल्याकडं मध्ये गिलावा आहे आणि गिलाव्याची पकड शून्य धरायची. स्क्रू किती आत गेला ते विटेच्या तोंडापासून मोजा.

तुमच्यासाठी ७.५ मिलिमीटर जाडीचे, १३२ मिलिमीटर लांबीचे फ्रेम स्क्रू घ्या. दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवायला वापरतात तेच. हेही काँक्रीट स्क्रूच्याच जातीचे, गिट्टी लागत नाही, भोक ६ मिलिमीटरचं. त्यातले ५० लाकडात, २० गिलाव्यात, राहिलेले ६० विटेत. ११२ लांबीचेही मिळतात, त्यात विटेत ४० च्या आसपास जातील. चांगल्या विटेला तेही पुरतील, पण तुमच्या गिलाव्याची जाडी अजून माहीत नाही, म्हणून मी १३२ म्हणतो.

पण स्क्रूच्या आधी भिंत. आमच्या घरात सुतारकी वडिलांपासून. ते भिंतीत चौकोनी भोक छिन्नीनं पाडून बाभळीची गिट्टी ठोकायचे आणि तिच्यात स्क्रू घ्यायचे. गिट्टी ठोकण्याआधी हातोडीच्या मागच्या टोकानं भिंत वाजवून बघायचे. तेच तुम्ही करा. तुळई येणार त्या १० फुटांच्या पट्ट्यात वीतभर अंतरावर वाजवत जा. खणखणीत वाजलं तर गिलावा विटेला धरून आहे. बद्द वाजलं तर तिथं गिलावा सुटलाय. सुटलेला भाग छिन्नीनं काढून टाका आणि सिमेंट-वाळूचा १:४ चा नवा गिलावा भरून चांगला आठवडाभर पाणी मारा. सुटलेल्या गिलाव्यावर तुळई आवळली की तो मागं चुरतो आणि पहिल्याच पावसाळ्यात स्क्रू सैल होतात.

नंतर एका जागी, वर पत्रा झाकेल अशा ठिकाणी, हातभर गिलावा सोलून वीट उघडी करा. यातून तीन गोष्टी कळतात. गिलाव्याची खरी जाडी. विटांच्या थरांची उंची, म्हणजे ओळी कुठून जातात ते भिंतभर आखता येतं. आणि सांध्यात सिमेंट आहे की चुना-माती. सांध्यात खिळा घालून खरवडा. भुगा सहज निघत असेल तर मला पुन्हा विचारा, मग उपाय वेगळा आहे. १९८० चं घर म्हणजे बहुधा सिमेंटच असेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. भोक विटेत. सांधा असतो १० मिलिमीटरचा, त्यात ७.५ चा स्क्रू घातला तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिलिमीटर मसाला उरतो. तो आटे धरणार नाही. वीट ३ इंच उंच असते, तिच्या मधोमध भोक. तुमची तुळईही ३ इंच उंच आहे, हे फार सोयीचं झालं. तुळई बरोबर एका थरावर येईल अशी उंची धरा, सगळे स्क्रू विटेतच पडतील.

गिलाव्याआड सांधा दिसत नाही म्हणून घाबरू नका. ड्रिलच्या बिटाबरोबर बाहेर येणारी भुकटी बघत राहा. आधी राखाडी येईल, तो गिलावा. मग लाल झाली की विटेत आलात. शेवटपर्यंत राखाडीच राहिली तर सांध्यात गेलात. तिथं स्क्रू घालू नका, दोन-अडीच इंच बाजूला सरका. एका विटेत एकच स्क्रू. आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून किंवा दाराच्या कडेपासून निदान ४ इंच आत राहा, नाहीतर कडेची वीट फुटते.

लाकडातलं भोक वेगळं असतं, हे बरेच जण विसरतात. लाकडात ८ मिलिमीटरचं भोक, म्हणजे स्क्रू त्यातून मोकळा सरकला पाहिजे. लाकडातही ६ चंच पाडलं तर आटे लाकडात धरतात, विटेत धरतात, आणि मधली फट तशीच राहते. कितीही आवळा, तुळई भिंतीला टेकत नाही. जुनं सागवान वाळून कठीण झालेलं असतं, टोकाजवळ चिरतं, म्हणून पहिला आणि शेवटचा स्क्रू टोकापासून ४ इंच आत. सगळी भोकं एका सरळ रेषेत घेऊ नका. एक अर्धा इंच वर, एक अर्धा इंच खाली, असं घ्या. लाकडाच्या एकाच रेशात ओळीनं भोकं पडली तर लाकूड तिथंच फाटतं. अंतर १५-१६ इंच ठेवा. १० फुटांत ८ स्क्रू होतील.

ड्रिलचं सांगतो. नेहमीचा ४ इंची बिट पोचणार नाही. लाकूड धरून १४० मिलिमीटर आत जायचंय, कारण भोक स्क्रूपेक्षा १० मिलिमीटर खोल हवं, भुकटीला बसायला जागा लागते. ६ चा, २०० मिलिमीटर लांबीचा बिट आणा, नवा. झिजलेल्या बिटानं भोक बारीक पडतं आणि स्क्रू अर्ध्यात अडकून मोडतो. वाकड्या बिटानं मोठं पडतं आणि स्क्रू नुसताच फिरतो. बिटाला चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा. काँक्रीटमध्ये हॅमर हवाच, पण भट्टीच्या विटेत आधी हॅमर बंद ठेवून बघा. नुसत्या फिरण्यानं वीट कापली जात असेल तर तसंच चालू द्या. हॅमरनं भोकाचं तोंड उडतं आणि आतून वीट खिळखिळी होते. फारच कठीण लागली तर हलका हॅमर.

भोक झालं की भुकटी काढायचीच. सायकलच्या पंपाला बारीक नळी लावा, नळी तळाशी घाला, चार दणके द्या. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. भुकटी राहिली तर स्क्रूच्या आट्यांना कापायला वीट मिळत नाही.

आणि आवळताना मशीनचा वेग सगळ्यात कमी. ठोके मारणारी इम्पॅक्ट मशीन नको. शेवटचे दोन-तीन फेरे हातानं. लाकूड टेकलं, डोकं बसलं, थांबा. काँक्रीट स्क्रू विटेत स्वतःचे आटे कापतो. अर्धा फेरा जास्त दिला की कापलेले आटे चुरा होतात आणि त्या भोकात पुन्हा पकड येत नाही.

अँकर फास्टनरबद्दलही बोलतो, कारण फॅब्रिकेटर चुकीचा माणूस नाही, त्याचं सगळं काम काँक्रीटच्या बीममध्ये असतं. तो अँकर आतून फुगतो आणि बाजूला दाब देतो. काँक्रीट ते सोसतं, एकटी वीट बऱ्याचदा दुभंगते. तुमच्या घराला छज्जाच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा असेल आणि तुळई तिथं येत असेल तर अँकर खुशाल वापरा. विटेत नको.

गवंड्यांचं म्हणणंही अगदी टाकाऊ नाही. वासे भिंतीत घालणं ही जुनी, मजबूत पद्धत. पण भिंतीतली लाकडाची टोकं ओल धरतात, वाळवी तिथूनच सुरू होते, आणि पुढं वासा बदलायचा तर भिंत पुन्हा फोडावी लागते. तुमची तुळई बाहेर असेल, दिसेल, तपासता येईल. मी तुळईच्या बाजूनं आहे.

---

ओळंबा

रंधादादांनी लिहिलेलं सगळं पटलं. मी बांधकामाच्या आराखड्यांत काम करतो, त्यामुळे एक बाजू जोडतो. ताई, तुम्ही विचारलंत "धरेल का", आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वजन येतं. वजन इथं किरकोळ आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण ४-५ किलो. तुमची पाखी ५० चौरस फूट, म्हणजे ४.६५ चौरस मीटर. पत्रा वीस-बावीस किलो, वासे-रिपा धरून पन्नास-साठ. त्यातलं निम्मं खांबांवर. भिंतीवर तीसेक किलो, आठ स्क्रूंना काहीच नाही.

भीती आहे वाऱ्याची. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो पत्र्याखाली शिरून पाखी वर उचलतो. वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५, भाग ३ आहे. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. तुमच्याकडं ३९ धरू. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो: सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९० किलोच्या वर. तुमच्या क्षेत्रफळाला हा ढोबळ हिशेब ४०० किलोच्या पुढं जातो, आणि तो वरच्या दिशेनं. निम्मा भिंतीवर धरा: दोनशे-सव्वादोनशे किलो, आठ स्क्रूंवर प्रत्येकी २७ च्या आसपास. हा जोर भिंतीच्या समांतर, स्क्रूला आडवा कापू बघणारा. विटेत ६० मिलिमीटर गेलेल्या ७.५ च्या स्क्रूला तो झेपतो.

मग उडतं काय? पत्रा वाशावरून, वासा तुळईवरून, आणि खांब जमिनीतून. तुळई भिंतीला घट्ट आणि वासे तिच्यावर नुसते तिरप्या खिळ्यांनी ठोकलेले, हे मी वादळानंतरच्या पाहण्यांत बघितलंय. तुळई जागेवर असते, वासे शेजारच्या शेतात. प्रत्येक वाशाला तुळईपाशी लोखंडी एल अँगल किंवा पट्टी, दोन्हीकडं स्क्रूनं. पत्र्याला रबरी वॉशरचे स्क्रू, कडेच्या ओळीत जास्त दाट. खांबांखाली दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्डा करून काँक्रीट भरा. तेवढं काँक्रीट ३०० किलोच्या आसपास भरतं, एका खांबावर येणाऱ्या शंभरेक किलोच्या ओढीला पुरून उरतं.

---

चिरेबंदी

मध्येच विचारतो, क्षमस्व. चिपळूणला आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. तिथं हे फ्रेम स्क्रू चालतील का? खळ्याच्या बाजूला असंच काम काढायचंय.

---

रंधा

दादा, चिऱ्यात मी काँक्रीट स्क्रूवर भरवसा ठेवत नाही. जांभ्यात भोकं-पोकळ्या असतात. एक स्क्रू दगड फुटेल एवढा घट्ट बसतो आणि त्याच चिऱ्यात वीतभर बाजूला दुसरा पोकळीत जाऊन गरागरा फिरतो. वजन नसलेल्या कामाला, दिव्याच्या पट्टीला वगैरे, ठीक आहे. छपराला नको. चिऱ्यासाठी दोन रस्ते. एक, जाळीची नळी भोकात घालून रासायनिक मसाला भरायचा आणि त्यात आट्यांचा रॉड बसवायचा. मसाला पोकळ्यांत शिरून आवळतो. दुसरा, भिंतीची दुसरी बाजू हाताला येत असेल तर आरपार रॉड आणि आतून ४ इंची लोखंडी पट्टी. मला दुसरा आवडतो, कारण तो उघड दिसतो आणि दहा वर्षांनी पान्यानं आवळता येतो. मातीच्या किंवा चुन्याच्या सांध्यांच्या जुन्या विटेच्या भिंतीलाही हाच उपाय, ताईंनाही तो लागला तर सांगेन. समुद्र जवळ असेल तर सगळं स्टेनलेस घ्या, साधा जस्ताचा मुलामा खाऱ्या हवेत टिकत नाही.

नव्या इमारतींतल्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीतही काँक्रीट स्क्रू वापरू नका. तो ब्लॉक नखानं खरवडला जातो, आटे कुठं धरणार. त्यासाठी लांब नायलॉनच्या गिट्ट्या येतात.

---

लेस्टरकर

रंधादादा, व्हिडिओंबद्दल म्हणालात ते बरोबर. इथं इंग्लंडात बहुतेक घरांना बाहेरून गिलावा नसतो. वीट २१५ बाय १०२.५ बाय ६५ मिलिमीटरची आणि सांधे उघडे दिसतात, त्यामुळे विटेचा मध्य डोळ्यांनीच सापडतो. बऱ्याच भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. म्हणून इथले लोक आखूड स्क्रू वापरतात आणि १०२.५ च्या पलीकडं भोक जाऊ देत नाहीत. तीच लांबी गिलाव्याच्या भिंतीला लावली तर ताईंच्या भाच्याच्या स्क्रूसारखंच होणार.

---

परसदार_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कोपऱ्यात गिलावा सोलून बघितला. जाडी २२ ते २५ मिलिमीटर. सांध्यात सिमेंट, खिळ्यानं खरवडलं तरी निघत नाही. वीट लालभडक, वाजवली की खणखणीत. पट्ट्यात दोन ठिकाणी बद्द वाजतंय, ते उद्या गवंडी काढून भरतील. भाच्यानं स्क्रू परतीला टाकले आणि १३२ वाले मागवले.

अजून दोन शंका. एखादा स्क्रू फिरायला लागलाच तर काय करायचं? दुसरं भोक पाडायला तुळईत जागा कमी पडली तर? आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी तुळईमागं शिरेल ना?

---

रंधा

२५ चा गिलावा असला तरी विटेत ५५-५७ जातात, उत्तम.

फिरणारा स्क्रू: आधी तो काढा, भुकटीचा रंग बघा. सांधा लागला असेल तर ते भोक सोडाच, बाजूला नवं घ्या. लाल भुकटी असेल आणि तरी फिरत असेल तर विटेचा तेवढा भाग मऊ आहे. तिथं तुळईतलं आणि भिंतीतलं दोन्ही भोक १० मिलिमीटरचं करा आणि लांब नायलॉनची फ्रेम गिट्टी तिच्याच स्क्रूसकट तुळईतूनच आरपार ठोका. १० मिलिमीटरची, १३५ लांबीची मिळाली तर बरोबर बसेल. काडीपेटीच्या काड्या किंवा तारेचे तुकडे कोंबून तोच स्क्रू घट्ट करायचा प्रकार सर्रास चालतो, तो छपराला करू नका. आठातल्या एखाद्याला गिट्टी लागली तर चिंता नाही. तीन-चारांना लागली तर काम थांबवा आणि सगळेच गिट्टीनं करा.

एकदा घट्ट बसलेला काँक्रीट स्क्रू काही कारणानं काढावा लागला तर परत घालताना आधी हातानं उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो 'टक' करून पडतो, मग सुलटा फिरवा. नाहीतर नवे आटे कापले जाऊन जुने जातात.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. लाकडातली भोकं खाली जमिनीवरच पाडून घ्या. मग तुळईची मागची बाजू आणि दोन्ही मुंड्या यांना डांबरी रंगाचे दोन हात द्या, कारण एकदा बसली की मागं ब्रश जात नाही. दोन टेकू लावून तुळई उंचीवर धरा, पाण्याच्या नळीनं दोन्ही टोकांची पातळी बघा. एका टोकाचं भोक पाडून स्क्रू हलका घ्या, पातळी पुन्हा बघा, मग दुसरं टोक. ती दोन धरली की मधली सहा निवांत होतात. भोक पाडण्याआधी त्या भिंतीच्या आतल्या बाजूला नळाची लाइन किंवा बटणाचा बोर्ड आहे का तेही बघून घ्या. असेल तर वायर सरळ वर-खाली जाते असं समजून तो पट्टा सोडा.

पाण्याचं: पत्रा भिंतीला टेकतो त्याच्या ३-४ इंच वर गिलाव्यात ग्राइंडरनं आडवी खाच मारा, अर्धा इंच खोल. साध्या पत्र्याची एल आकाराची पट्टी वाकवून घ्या, तिची वरची कड खाचेत घालून सिमेंटनं भरा आणि खालची कड छपराच्या पत्र्यावर निदान ६ इंच येऊ द्या. नुसतं सिलिकॉन मारून भागवू नका, दोन उन्हाळ्यांत ते सुटतं. पट्टी पत्र्याला स्क्रूनं जोडू नका, तिला सैलच राहू द्या. उन्हात पत्रा लांबतो आणि जोडलेली असेल तर खाचेतलं सिमेंट उखडतो.

---

परसदार_कराड

समजलं. एल पट्टी फॅब्रिकेटरकडूनच वाकवून घेते. गिलाव्याची भर वाळली की तुळई चढवते.